डबल बेल

शाळेत घातलेली आमची पोट्टी पहिल्याच दिवशी, पहिल्याच घंटेला दप्तर उचलून पळाली आणि गेटबाहेर जाऊन उभी राहिली. शिपायाने धरून आणली. पुढच्या तासाची घंटा झाली, पुन्हा पळाली. मधल्या सुट्टीपर्यंत शिपायाला धाप लागली होती आणि मोठ्या बाईंनी फोन करून मला बोलावून घेतलं होतं.

मी तिची जोडी. चंद्रपुरात रस्त्यावर वाढलेल्या मुलींसाठी आमचं एक घर आहे. तिथला रिवाज असा की नवी मुलगी आली की तिला समोर बसवून उपदेश करायचा नाही. तिच्यासारखीच, पण आधी येऊन रुळलेली एखादी शोधायची आणि दोघींची जोडी लावून द्यायची. स्टेशनवरचीला स्टेशनवरची, बाजारातलीला बाजारातली. ही बस स्टँडवरची, आणि मीही तिथलीच. मी गाड्यांमध्ये चढून फुटाणे विकायची, ही बोरं विकायची. आता मी कॉलेजात जाते, पण डोकं तापलं की स्टँडवरचाच आवाज निघतो. माझ्याकडे शहाणपण कमी आणि गळा मोठा, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. तरी जोडी लागली.

मोठ्या बाई आडपडदा न ठेवता बोलल्या. "हिचं पाहून बाकीची पोरंही पळायला लागली आहेत. आठवडाभर पाहते. नाही टिकली तर तुम्ही हिला घेऊन जा."

घेऊन जा म्हणजे कुठे, हे त्यांना नसलं तरी मला माहीत होतं. शाळा सुटली की पोट्टी पुन्हा स्टँडवर. आणि एकदा परत गेलेली मुलगी दुसऱ्यांदा हाताला लागत नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं. मला भीती वाटली की मी रागावते, म्हणून मी तिच्यावरच डाफरले.

"काऊन पळून राह्यली वं तू? बाईनं मारलं का?"

"नाई."

"पोरी चिडवतात?"

"नाई."

"मंग?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू बिनडोक मीच. "घंटी वाजली न ताई! उतरा लागते न!"

मी तिथेच पायरीवर बसले आणि पोट धरून हसले. एसटीत माल विकणाऱ्यांचं सगळं शास्त्र त्या घंटीत असतं. गाडी फलाटावर उभी असेपर्यंत चढायचं, ओरडायचं, विकायचं. कंडक्टरने दोरी ओढून टण टण केलं की असाल तिथून खाली उडी. गिऱ्हाईकाचा हात खिशात असला तरी उडी. जो रेंगाळला त्याला कंडक्टरच्या शिव्या, आणि पुढच्या नाक्यावरून पायपीट. पोट्टीला शाळा म्हणजे फलाटावर उभी असलेली गाडीच वाटत होती. ती बिचारी इमानदारीत वेळेवर उतरत होती, आणि आम्ही तिला बेशिस्त म्हणत होतो.

"अवं, हे शाळा हाय, बस नाई," मी सांगून पाहिलं.

"मालूम हाय मले. पण पाय आइकत नाई न!"

आता पायांना कोण समजावणार? दुसऱ्या दिवशी घंटा झाली, पाय पळाले. तिसऱ्या दिवशीही तेच. शेवटी रविवारी मी तिला स्टँडवर घेऊन निघाले. आमचं घर सांभाळणाऱ्या बाईंनी दारातच अडवलं. "फुफाट्यातून काढलेलं पोर परत फुफाट्यात नेतेस का?" मलाही धाकधूक होतीच. तिचा हात मी इतका घट्ट धरला होता की तीच म्हणाली, "ताई, बोटं मोडून राह्यले माये."

गोंडपिपरीच्या गाडीत आम्ही खिडकीची जागा पकडली. पोट्टी सवयीने दोन्हीकडची गिऱ्हाइकं न्याहाळत होती. कंडक्टर ओळखीचे निघाले. "आज माल कुठी हाय वं?"

"आज माल नाई भाऊ," ती मान उंच करून म्हणाली. "आज आम्ही सवारी आहो."

मी तिकीट काढून तिच्या हातात दिलं. "कितीबी घंटी वाजू दे, गाव आल्याबिगर उठायचं नाई. तिकीट काढलं हाय आपण."

ती तिकीट उलटंसुलटं पाहत होती. मग हळूच विचारलं, "गोंडपिपरी खरंच हाय का जी कुठी?" या गाडीत ती रोज चढत होती, पण त्या गावाचं तिला फक्त नाव माहीत होतं.

तेवढ्यात टण टण झालं. आणि उठलं कोण, तर मी! हात पुढच्या दांडीवर, एक पाय बाहेर, दरवाजाकडे तोंड. पोट्टी जागच्या जागी. तिने माझी ओढणी धरून मला खाली ओढलं आणि अख्ख्या गाडीला ऐकू जाईल अशी ओरडली, "बस न ताई! तिकीट काढलं हाय न आपण!"

गाडी हसली, कंडक्टरही हसले. मी गोंडपिपरी येईपर्यंत खिडकीबाहेर शेतंच पाहत राहिले. गावात उतरून आम्ही गरम भजी खाल्ली. पोट्टीने स्टँडभर नजर फिरवली, "आपल्यापेक्षा लहान हाय," असा निकाल दिला, आणि परतीच्या गाडीत आधी चढून माझ्यासाठी जागा धरली.

सोमवारी मी वर्गाच्या खिडकीआड लपून उभी राहिले. घंटा झाली. ती अर्धी उठली. मग दोन्ही हातांनी बाक पकडला आणि दात आवळून खाली बसली. पुढच्या घंटेला नुसते खांदे हलले. मी नाचतच कॉलेजात गेले.

संध्याकाळी न्यायला आले, तर शाळा सुटलेली. पोरं बाहेर सांडत होती, त्यात ती नव्हती. गेट रिकामं झालं तरी नव्हती. गेली, स्टँडवर गेली, असं म्हणत मी धावत वर्गात शिरले.

पोट्टी बाकावर बसलेली. मांडीवर दप्तर, मुठीत रविवारचं तिकीट. पुढ्यात काखेत झाडू धरून शिपाईभाऊ हात जोडून उभे.

"शाळा सुटली न वं!" मी ओरडले. "काऊन बसून हाय तू?"

"तूच तं म्हणली होती, गाव आल्याबिगर उठायचं नाई. आलं का?"

मला हसू आणि रडू एकदमच आलं. "आलं वं माय, आलं. उतर आता."

ती उठली, दप्तर खांद्याला अडकवलं आणि शिपाईभाऊंकडे वळली. "उद्याची गाडी किती वाजता लागते?"

"साडेदहाले," ते म्हणाले. "लवकर येजो, खिडकीची जागा भेटते."