आईच्या छातीतला आवाज

भूतबीत, संकेत, साक्षात्कार यांवर माझा विश्वास कधीच नव्हता, आजही नाही. मी जबलपूरला रेल्वेच्या सिग्नल विभागात आहे. सिग्नल बिघडला की कारण सापडतंच – कुठे वायर तुटलेली असते, कुठे पाणी शिरलेलं असतं. त्यावरच माझं पोट चालतं. पण गेल्या थंडीत आमच्या मदन महल भागातल्या घरी जे घडलं, त्याचं कारण अजून सापडलेलं नाही. इथे कुणाला सुचलं तर जरूर सांगा.

माझ्या आईच्या छातीत, डाव्या खांद्याखाली, आयसीडी बसवलेलं आहे. काडेपेटीपेक्षा जरा मोठं मशीन. हृदयाचे ठोके भलतेच सुसाट सुटले की ते आतल्या आत शॉक देऊन त्यांना ताळ्यावर आणतं. एकदा पोळ्या लाटताना तिला तसा शॉक बसला होता. त्यामुळे ती वाचली, पण तेव्हापासून धास्तावलेलीच असते.

आणि बाबा जवळजवळ ठार बहिरे. सगळी नोकरी तोफांच्या कारखान्यात, चाचणीच्या जागी गेली. कानाचं मशीन लावलं तर जेमतेम ऐकू यायचं, काढलं तर कुकरची शिट्टीसुद्धा नाही. आमच्या घरात गुपित असं काही राहायचंच नाही. मी बाबांना ओरडून काही विचारलं की शेजारच्या भाभी भिंतीपलीकडून उत्तर द्यायच्या.

त्या सकाळी आई व्हरांड्यात उन्हात मटार सोलत होती. बाबा चार हात लांब पेपर वाचत बसले होते. मधेच त्यांनी पेपर खाली ठेवला.

"अगं, तुझ्या छातीत काहीतरी वाजून राहिलं."

"काहून घाबरवता हो? मला तर काही ऐकू नाही येत."

"टीं टीं करून राहिलं. एकदम बारीक."

मी आईच्या छातीशी कान नेला. काही नाही. मग मला हसूच आलं. कानाचं मशीन सैल बसलं की बारीक शिट्टी मारतं, हे आमच्या घरात सगळ्यांनाच ठाऊक. "बाबा, तुमचंच मशीन वाजून राहिलं!" मी ओरडलो, आणि ते काढून घेऊन ओमती भागातल्या दुकानात दुरुस्तीला टाकून आलो. विषय संपला असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी बाबांच्या कानात काहीच नव्हतं. आई स्वयंपाकघरात, ते व्हरांड्यात. अचानक उठून आत आले, चेहरा पांढराफटक. गॅसवर कुकर शिट्ट्या मारत होता, त्याचा त्यांना पत्ताच नव्हता.

"वाजून राहिलं ना रे! तुम्हाला कोणालाच काहून ऐकू नाही येत? हिला दवाखान्यात घेऊन चल. तोवर मी जेवत नाही."

मी चिडलो. बहिऱ्या माणसाच्या कानांवर भरवसा ठेवून सुट्टी घालवायची! पण ते ताटावर बसेचनात, म्हणून तिघंही निघालो.

दवाखान्यात तपासणाऱ्यानं आईच्या छातीवर यंत्र ठेवलं, स्क्रीनकडे पाहिलं आणि डॉक्टरांना बोलावून आणलं. मशीनपासून हृदयापर्यंत जाणारी वायर आतल्या आत तुटत आली होती… शॉक द्यायची वेळ आली असती तर तो हृदयापर्यंत पोचलाच नसता.

"अच्छा हुआ ले आए," डॉक्टर म्हणाले. "पता कैसे चला?"

"पापा को आवाज़ आ रही थी. बीप की."

त्यांनी बाबांच्या रिकाम्या कानांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "भैया, इस मॉडल में बीप होती ही नहीं है."

नवी वायर बसली. आईला घरी आणलं तेव्हा बाबा तिच्याजवळ कानामागे हात धरून बराच वेळ बसले. "आता चूप आहे," म्हणाले, आणि जेवायला मागितलं.

मी माझ्या परीनं कारण शोधलं. कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं, बहिरेपणात कानात असे आवाज येतात, नवल नाही. असेल. पण मग तो आईच्या छातीतूनच काहून यावा? आणि वायर बदलल्यावरच काहून थांबावा? यावर त्यांनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं. मी तिथेच अडकलो आहे.

बाबा उन्हाळ्यात गेले. साधा ताप, मग न्यूमोनिया. त्यात काही गूढ नाही. घर एकदम शांत झालंय, आणि ती शांतता मला सहन होत नाही.

आईचं मशीन प्रत्येक तपासणीत ठीक निघतं. तिचा त्यावर विश्वास नाही. रोज सकाळी चहा झाला की ती व्हरांड्यातून हाक मारते, "ये ना रे जरा. ऐक बरं, वाजून तर नाही राहिलं?"

मी खाली बसून तिच्या छातीला कान लावतो. माझे कान उत्तम आहेत, नोकरीत ते तपासले जातात. मला काही ऐकू येत नाही.

"चूप आहे, आई," मी सांगतो.

ती माझ्या डोक्यावर हात ठेवते आणि म्हणते, "तुला तेव्हाही ऐकू नव्हतं आलं, बाळा."