सहा दिवसांची ओळख

चंद्रप्रभा वानखडे बाईंच्या बारावीच्या हजेरीपटावर नावं होती बेचाळीस आणि वर्गात पोरं असायची सात. बाकीची सगळी कोचिंगला. नोएडातल्या त्या शाळेत हे शिपायापासून प्रिन्सिपॉलपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणालाही त्याचं काही वाटत नव्हतं. बाई रोज सकाळी बेचाळीस नावं पुकारायच्या आणि ऑफिसच्या हुकमाप्रमाणे बेचाळीस 'पी' मांडायच्या. सुरुवातीला हात अडखळायचा, मग तोही सरावला.

तेविसाव्या नावाशी मात्र त्या क्षणभर थांबत. लुंबिनी इंगळे. अख्ख्या पटावरचं एकुलतं एक मराठी नाव. बाई मूळच्या अमरावतीच्या. नवऱ्याच्या सरकारी नोकरीपायी दिल्लीकडे आल्या आणि विश्वासराव गेल्यावर गाझियाबादच्या फ्लॅटमध्ये एकट्या उरल्या. शेजारपाजार चांगला होता, पण सगळं बोलणं हिंदीत. घरात मराठी उमटायचं ते फोनवर, तेही अमरावतीच्या बहिणीला सवड असली तर. ही पोरगी एकदा तरी वर्गात यावी, "काय गं, कुठली तू?" एवढं तिला विचारता यावं, म्हणून बाईंनी दोन वर्षं वाट पाहिली. पोरगी काही फिरकली नाही.

ती आली बारावी पास झाल्यावर, जुलैत. दुपारी प्रयोगशाळेच्या दारात उभी.

"मॅम, मी लुंबिनी. रोल नंबर तेवीस." मग एका दमात, "नीटमध्ये गव्हर्नमेंट सीट नाही मिळाली. बाहेरच्या देशातल्या एका मेडिकल युनिव्हर्सिटीत अप्लाय करतेय. बाकी फॉर्म झाला, फक्त बायोलॉजी टीचरचं रेफरन्स लेटर पाहिजे. ऑफिसवाल्या सरांनी टाइप करून दिलंय. तुम्ही बस साइन करा."

बाईंनी कागद वाचला. हाच मजकूर त्या महिन्यात चौथ्यांदा हातात आला होता, फक्त नाव बदलून. विद्यार्थिनीला दोन वर्षं जवळून ओळखते. प्रयोगशाळेतलं कसब वाखाणण्याजोगं. प्रॅक्टिकलला तीसपैकी तीस. ते तीस खुद्द बाईंनीच दिले होते.

"मायक्रोस्कोपला कधी हात लावलायस?"

"व्हिडिओत बघितलाय, मॅम."

बाईंना संताप आला. पोरीचा थोडा, स्वतःचा जास्त.

"मी सही करणार नाही. शेवटची तारीख कधी आहे?"

"पुढचा बुधवार. मॅम, प्लीज. लेटर नाही गेलं तर हे वर्ष गेलं."

"मग उद्यापासून रोज दोन वाजता इथे ये. मला जे दिसेल ते मी लिहीन."

बोलल्या मोठ्या करारीपणानं, पण त्यात तत्त्व निम्मंच होतं आणि हे त्यांना पक्कं माहीत होतं. उरलेलं निम्मं म्हणजे, त्यांना ही पोरगी समोर बसायला हवी होती.

लुंबिनी आली. पेशीविभाजनाच्या सगळ्या अवस्था तिला तोंडपाठ होत्या, पण कांद्याचा पापुद्रा चिमट्यानं सोलताना चार वेळा फाटला. पाचवा नीट काचेवर बसला. तिनं भिंगाला डोळा लावला आणि बराच वेळ हललीच नाही.

"मॅम, हे खरंच असं असतं?" ती म्हणाली. "मला वाटायचं, डायग्रामसाठी असं काढतात."

तिसऱ्या दिवशी बाईंनी डब्यात झुणका-भाकरी जास्तीची आणली. पोरगी बोटं चाटत जेवली. आई-बाबा बुलढाण्याचे, बाबा दिल्लीत केंद्राच्या एका मंत्रालयात, घरी मराठीच, "पण मला जास्त नाही येत, अटकते मी." कोचिंगबद्दल विचारलं तर म्हणाली, "तीनशे मुलं होती. रँकप्रमाणे बसवायचे. माझं नाव कुणाला माहीतच नव्हतं, यार." मग जीभ चावली. "सॉरी, मॅम." बाई हसल्या. मनात म्हणाल्या, अगं, मला माहीत होतं की तुझं नाव.

सहाव्या दिवशी बाईंनी पत्र लिहून तिच्या हाती दिलं. इंग्रजीत, स्वतःच्या अक्षरात. हिला मी सहा दिवस ओळखते. त्याआधी दोन वर्षं मी हिची खोटी हजेरी लावली, तो दोष माझा आणि शाळेचा. हिच्या हातून चार पापुद्रे फाटले, पाचव्याला तिनं घाई केली नाही. हिच्या हातून काचपट्टी फुटली तेव्हा मी पाठमोरी होते, तरी तिनं आपणहून सांगितलं. आजाऱ्याला असा डॉक्टर मिळावा.

लुंबिनीनं ते दोनदा वाचलं. तिचे डोळे भरले, पण पोरगी शहाणी होती.

"मॅम, हे पाठवलं तर ते लगेच रिजेक्ट करतील ना?"

"करतील," बाई म्हणाल्या. लिहितानाच त्यांना ते कळलं होतं. त्यांनी ऑफिसचा टाइप केलेला कागद पुढे ओढला आणि सही ठोकली. इतक्या खोट्या 'पीं'वर आणखी एक खोटी सही.

"हे पाठव."

लुंबिनीनं हातातलं पत्र सोडलं नाही. "यावर पण साइन करा. हे मी ठेवते." बाईंनी त्यावरही सही केली. पोरीनं घडी घालून ते बॅगेच्या आतल्या कप्प्यात ठेवलं, पाया पडली आणि गेली. काम झालं होतं. पुन्हा यायचं तिला काही कारण उरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बाईंनी नव्या बारावीचा पट उघडला. चव्वेचाळीस नावं, वर्गात आठ पोरं. त्या सावकाश पुकारत गेल्या. ज्या नावाला ओ आली नाही, तिथे थांबल्या आणि 'ए' मांडला. छत्तीस वेळा. दुपारपर्यंत ऑफिसातून बोलावणं येईल, आरडाओरडा होईल, हे त्यांना दिसत होतं. येऊ दे, त्या मनाशी म्हणाल्या. तेवढंच कुणीतरी आपल्याला शोधत येईल.