चकवाकाकांचा बिल्ला

आमच्या चकवाकाकांना रस्ता सापडत नाही, ही गोष्ट घरात कोणी लपवत नाही. ते माझे चुलत सासरे. कोपऱ्यावर साबण आणायला गेले की परत येताना कोणीतरी अनोळखी माणूस त्यांना पोचवायला येतो, आणि साबण त्या माणसाच्या हातात असतो. "चकवा लागला गं सूनबाई," एवढंच ते म्हणतात. भर दुपारी, सरळ गल्लीत चकवा लागणारा हा जगातला एकटाच माणूस असावा.

त्यांना तरी काय बोल लावणार? उभा जन्म त्यांनी एका मोठ्या इमारतीत लिफ्ट चालवण्यात काढला. त्या नोकरीत वर आणि खाली एवढ्या दोनच दिशा. डाव्या-उजव्याची कधी गरजच पडली नाही. पुढे लिफ्ट आपोआप चालायला लागली आणि काका घरी बसले. बसले म्हणजे उभे राहिले. आमच्या दाराशी, पाठ भिंतीला लावून. कोणी आलं की दार उघडायचं, कोणी निघालं की "सांभाळून" म्हणून लावून घ्यायचं. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत. माझी लेक कॉलेजला निघाली की तिला विचारायचे, "कितवा?" ती लाडानं म्हणायची, "चौथा." आमचं घर तळमजल्यावर आहे.

सुरुवातीला हसू यायचं. मग येईनासं झालं. काळजी करायला मला फारसं कारण लागत नाही हे खरं, पण हा माणूस हळूहळू त्या भिंतीत मुरत चालला होता. एकदा तर पाहुण्यांनी त्यांच्या खांद्यावर छत्री अडकवली.

नवा उद्योग त्यांना चुकूनच मिळाला. एका परगावच्या जोडप्यानं त्यांना बाजाराचा रस्ता विचारला. काका म्हणाले, "मलाही माहीत नाही. चला, विचारू." अंधार पडताना ते जोडपं काकांना घरी सोडायला आलं. बाईंच्या कडेवर कोणाचं तरी मांजर होतं. म्हणाल्या, "इतकं सुंदर शहर आम्ही पाहिलं नाही." बाजार त्यांना सापडलाच नव्हता.

इथे आमच्या वस्तीची खोड सांगायला हवी. कुठकुठल्या मुलखांतून आलेली माणसं इथे राहतात. एका जिन्यावर पाच भाषांत भांडण होतं आणि पाचही जणांना ते कळतं. एकमत कशातच नाही, फक्त एका गोष्टीत आहे. रस्ता विचारणाऱ्याला "माहीत नाही" म्हणायचं नाही. ते म्हणजे तोंडावर दार लावणं. आणि आपण सांगितलेला रस्ता आपल्या घरावरून गेला पाहिजे. जमलं तर घरातून.

अशात नगरपालिकेनं वस्ती पायी दाखवणारे वाटाडे नेमायचं ठरवलं. रहिवाशांमधूनच. बिल्ला मिळणार होता. परीक्षा सोपी होती. चौकातून निघायचं आणि परीक्षकांना जुन्या पुलावर न्यायचं. चकवाकाकांनी जुना पूल जन्मात पाहिला नव्हता.

"काका, कशाला नसती उठाठेव?" मी म्हटलं.

"बिल्ला मिळाला तर तुझं दार मोकळं होईल गं," ते म्हणाले. जणू त्यांचीच अडचण होत होती आम्हाला.

परीक्षेच्या दिवशी पाणी, बिस्किटं, जखमेच्या पट्ट्या, सेफ्टी पिना आणि टॉर्च घेऊन मीही निघाले. परीक्षक बाई म्हणजे पोरगीच होती, माझ्या लेकीहून चार वर्षांनी मोठी असेल. पायात नवेकोरे बूट. हे चावणार, हे मला लांबूनच दिसलं.

"चला," काका ऐटीत म्हणाले, आणि समोरच्या पाववाल्याकडे गेले. "पूल कुठे आहे हो?"

परीक्षक बाईंच्या भुवया वर गेल्या. पाववाला मात्र खूश झाला. "पूल? माझ्या भट्टीच्या मागूनच की!"

भट्टीच्या मागे पूल नव्हता, पाववाल्याच्या मातोश्री होत्या. त्यांनी परीक्षक बाईंचा हात धरला आणि आपल्या भाषेत बराच वेळ काहीतरी सांगितलं.

"काय म्हणतात?" बाईंनी विचारलं.

"तुम्ही फार उशिरा आलात, म्हणते," पाववाला म्हणाला. "ती सगळ्यांनाच म्हणते. डॉक्टरलासुद्धा."

पुढे गल्लीत शिलाईवाल्या मावशींनी अडवलं. "ह्या पाववाल्याचं काय ऐकता? ह्याला पिठापलीकडे दिसतं का काही? पूल माझ्या खोलीतून."

"खोलीतून पूल कसा असेल?" परीक्षक बाई म्हणाल्या.

"आधी आत तर या. अगं बाई, तुझी अंगकाठी थेट माझ्या गिऱ्हाईक नवरीसारखी! जरा हात वर कर बघू."

बाहेर पडलो तेव्हा परीक्षक बाईंच्या खांद्याला कोणा नवरीची एक बाही टाचलेली होती. मावशी सोबत निघाल्या, कारण पाववाला सोबत होता आणि तो पाहुण्यांना भलतीकडे नेणार याची त्यांना खात्री होती. पुढच्या प्रत्येक दारातून असंच एकेक माणूस आपला रस्ता राखायला येत गेलं. भांडत, हसत, एकमेकांच्या मुलुखाची टर उडवत अशी आमची वरात दोन स्वयंपाकघरांतून, एका प्रार्थनेच्या खोलीतून आणि आंघोळ चाललेल्या एका न्हाणीघराच्या दाराशी "माफ करा" म्हणत पुन्हा चौकात येऊन उभी राहिली.

"नापास," परीक्षक बाई म्हणाल्या. हळूच म्हणाल्या, पण म्हणाल्या.

काकांनी मान डोलावली. ते चौकातल्या चहाच्या दुकानात गेले आणि तिथल्या दाराशी भिंतीला पाठ लावून उभे राहिले. कोणी आलं की दार उघडायला लागले.

परीक्षक बाई तरातरा निघाल्या. "बस कुठे मिळेल?" त्यांनी विचारलं आणि एकदम दहा हात दहा दिशांना गेले. गेल्या त्या पाववाल्याच्या बाजूनं, आल्या मावशींच्या बाजूनं, आता दुसरी बाहीही टाचलेली. पुन्हा गेल्या. पुन्हा आल्या, तेव्हा हातात गरम पाव होता आणि चालताना लंगडत होत्या. मी न विचारताच त्यांना पायरीवर बसवून टाचेला पट्टी लावली. बिचारीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. हिची आई घरी घड्याळाकडे बघत असणार.

"काका," ती शेवटी म्हणाली, "इथून बाहेर कसं पडायचं?"

"मला नाही माहीत," काका म्हणाले.

मावशींनी तोंडावर हात ठेवला. काका मात्र दार सोडून तिच्यापाशी आले. "पण मी येतो ना बरोबर. चला, विचारू."

ती हसायला लागली, पावाचा घास तोंडात ठेवून, थांबेचना. "दिवसभरात हे एकटेच खरं बोलले हो," ती मला म्हणाली.

मग ती दोघं पुढे आणि मी मागे. कोणाच्या गच्चीवरून, कोणाच्या वाळत घातलेल्या चादरींखालून, सतरा ठिकाणी विचारत आम्ही एकदाचे मोठ्या रस्त्याला लागलो. बस आली. पायरीवर पाय ठेवता ठेवता तिनं पिशवीतून बिल्ला काढला आणि काकांच्या शर्टाला लावायला गेली, तर पिन तुटकी. सेफ्टी पीन मी दिली.

"पण काका, लोकांना पूल दाखवतो म्हणून सांगू नका," ती म्हणाली.

"छे छे, पुलाचं नावच काढणार नाही."

बस गेली. काकांनी बिल्ल्यावरून एकदा हात फिरवला, ताठ उभे राहिले आणि माझ्याकडे वळले. "सूनबाई, आता घरी कसं जायचं?"

मोठ्या रस्त्यावरून घरचा रस्ता मला माहीत होता. तोंड उघडलंही होतं. पण बिल्ला लावलेल्या माणसाला मी रस्ता कशी दाखवणार? समोरून एक बाई भाजीची पिशवी घेऊन येत होती. काकांनी तिला विचारलं. तिनं आमच्या घराच्या बरोबर उलट्या दिशेला बोट दाखवलं आणि म्हणाली, "चला ना, माझ्या दारावरूनच आहे."

मी लेकीला फोन लावला. म्हटलं, आम्हाला उशीर होईल, तुम्ही जेवून घ्या.