मावशीचं कार्ड आणि माझे पाय

मी दात बनवतो. म्हणजे दंतवैद्य लोकांच्या जबड्यांची मापं घेऊन माझ्याकडे पाठवतात आणि मी मेण, प्लास्टर आणि चिकाटी यांच्या जोरावर कवळ्या तयार करतो. माझ्या हातची कवळी बोलताना टकटक वाजत नाही आणि शिंकेबरोबर बाहेर येत नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढच्या हकिगतीत माझ्या बाजूनं बोलण्यासारखं दुसरं काही नाही.

माझं वर्कशॉप एका जुन्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर आहे. तळमजल्यावर डोळ्यांचा दवाखाना, दाराशी किल्लीवाल्याची टपरी. समोरच्या रस्त्याला लोखंडी कठडे आहेत आणि त्यांत फक्त एकाच ठिकाणी खंड आहे. तिथे डांबरावर पांढऱ्या रंगात चाकाच्या खुर्चीचं चित्र आहे. अपंगांसाठी राखीव जागा. बाकी सगळ्यांनी वळसा घालून मागच्या आवारात गाडी लावायची आणि चालत यायचं.

आता मावशीबद्दल. ती माझ्या आईची धाकटी बहीण, वय एकाहत्तर. लहानपणच्या आजारानं तिचा डावा पाय वाढायचा राहिला. काखेत एक कुबडी घेऊन ती चालते. एकोणतीस वर्षं तिनं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी केली. लग्न केलं नाही. आम्ही राहतो त्याच इमारतीत खालच्या घरात एकटी राहते आणि ‘वर राहायला ये’ म्हटलं की म्हणते, "तुझ्या घरात मला कुणी भांडायला मिळणार नाही, सगळे तुझ्यासारखेच मऊ."

आठवड्यातून दोनदा मी तिला व्यायामासाठी इस्पितळात नेतो. त्यासाठीच मी तिचं पार्किंगचं कार्ड काढलं. फॉर्म मी भरला, फोटो मी काढून आणला आणि त्याचं श्रेय पुढे दोन महिने घरीदारी मीच घेत हिंडलो. कार्डावर तिचा फोटो आहे आणि खाली ठळक अक्षरांत ओळ आहे : कार्डधारक व्यक्ती वाहनात असेल तेव्हाच ग्राह्य. ती ओळ मी वाचली होती.

पहिल्यांदा केलं तेव्हा हातात कारण होतं. चौदा जबड्यांचे प्लास्टरचे साचे एका खोक्यात होते आणि मागचं आवार भरलं होतं. समोर राखीव जागा रिकामी, कार्ड गाडीच्या खणात. ते काचेमागे ठेवलं, म्हटलं, पाचच मिनिटं. खोकं ठेवतो नि गाडी हलवतो. वर गेलो, चहा घेतला, एका कवळीचे सुळे नीट बसेनात म्हणून ती घासत बसलो आणि संध्याकाळी खाली आलो तर गाडी होती तिथेच होती. कुणी काही बोललं नव्हतं. दुसऱ्या दिवशी खोकं नव्हतं. तिसऱ्या दिवशी कारणाची आठवणही नव्हती. आठ महिने मी त्या जागेवर आयत्या बिळावरच्या नागोबासारखा बसलो.

पण चोराच्या मनात चांदणं. गाडीतून टुणकन उतरून चालू लागलो की पाठीला लोकांचे डोळे टोचायचे. म्हणून मी थोडं लंगडायला लागलो. फार नाही, दारापर्यंत, शोभेल इतपत. लिफ्टचं दार बंद झालं की बरा व्हायचो. मला वाटायचं, अभिनय बरा जमतोय. डोळ्यांच्या दवाखान्यातली परिचारिका दार धरून उभी राहायची. एका दंतवैद्यानं मालिशचं तेल भेट दिलं. ते मी घेतलं, वर वासाबद्दल तक्रारही केली.

एकदा किल्लीवाल्यानं विचारलं, "साहेब, आज उजवा का?"

"काय उजवा?"

"पाय. काल डावा होता."

"दुखणं सरकतं," मी म्हणालो. "नसेचं आहे."

"असेल," तो म्हणाला आणि किल्ली घासायला लागला. त्याच्या ‘असेल’मध्ये काय होतं ते मला तेव्हा कळलं नाही. त्या रात्री मी घरी ठरवून टाकलं की यापुढे डावा. मावशीचाही डावाच होता, म्हणून लक्षात ठेवायला सोपं. हा विचार मी केला, आणि करताना मला काहीच वाटलं नाही, हे इथे नोंदवून ठेवलेलं बरं.

मग तो बुधवार आला. मावशीला डोळ्यांच्या दवाखान्यात जायचं होतं, माझ्या वर्कशॉपच्याच इमारतीत. मला तिनं सांगितलं नाही. माझ्या कामाचा खोळंबा नको म्हणून तिनं टॅक्सी केली. टॅक्सीला माणूस उतरवण्यापुरतं राखीव जागेत थांबता येतं, पण तिथे एक गाडी उभी होती. कठड्यांमुळे दुसरीकडे थांबायची सोय नाही. मागून हॉर्न सुरू झाले तसा टॅक्सीवाला वळसा घालून मागच्या आवारात गेला आणि तिला तिथे उतरवून निघून गेला. सकाळी पाऊस पडून गेला होता. आवारातल्या फरशा शेवाळलेल्या, चढाच्या तोंडावर कुणाची तरी मोटरसायकल आडवी. मावशी पावलं मोजत चालते, लहानपणापासूनची सवय आहे तिला. दोनशे दहा पावलं झाली. दवाखान्यात पोचली तेव्हा तिची वेळ टळून गेली होती. काउंटरवरच्या बाईनं तीन आठवड्यांनंतरची तारीख दिली.

ती बाहेर येऊन किल्लीवाल्याच्या स्टुलावर टेकली. समोर ती गाडी. गाडी ओळखीची वाटली. काचेमागचा फोटो तर फारच ओळखीचा होता.

"ही गाडी कुणाची हो?" तिनं विचारलं.

"वरच्या दातवाल्या साहेबांची," किल्लीवाला म्हणाला. "पायानं फार हैराण आहेत बिचारे. दोन्ही पायांनी. पण एका वेळी एकच."

मावशीनं त्याच्याकडून चहा मागवून घेतला आणि सगळी हकिगत ऐकून घेतली.

दुपारी मी जेवायला म्हणून खाली उतरलो. दारातून पाहिलं तर गाडीपाशी पार्किंगची तपासनीस उभी, हातात वही. तरुण मुलगी होती, चेहरा कामसू. मी लगेच डावा पाय ओढायला सुरुवात केली. त्या दिवशी जरा जास्तच रंगात आलो, एक हात कमरेवर घेतला, तोंडानं हलकंसं ‘स्स’ही केलं. तिच्यापर्यंत पोचलो आणि शेजारून आवाज आला.

"चुकतंय तुझं."

हा आवाज शहरातल्या निम्म्या लोकांनी एकेकाळी फोनवर ऐकलेला आहे. मी तसाच एका पायावर थांबलो.

"दुखऱ्या पायावर वजन आलं की माणूस तो पाय पटकन उचलतो, तू त्याच्यावर रेलतोयस," मावशी म्हणाली. "आणि कमरेवर हात कशाला? पाय मोडलाय की पोटात दुखतंय? नीट ठरव आधी."

किल्लीवाला टपरीच्या आत वाकून काहीतरी शोधू लागला. त्याचे खांदे हलत होते.

"आजी, तुम्ही ओळखता यांना?" त्या मुलीनं विचारलं.

"भाचा माझा. कार्ड माझं, गाडी याची. मी गाडीत नव्हते, टॅक्सीनं आले. लिहून घ्या."

"मावशी, अगं—"

"काका, तुम्ही थांबा जरा," तपासनीस म्हणाली. मला काका आणि तिला आजी. म्हणजे नातं तिनं अचूक जुळवलं होतं. तिनं कार्ड काढून घेतलं, पाकिटात घातलं आणि शांतपणे सांगितलं की गैरवापर झालेलं कार्ड जप्त होतं, कार्यालयात सुनावणी होते आणि निकाल लागेपर्यंत ते कुणालाच मिळत नाही.

"पण ते हिचं आहे," मी म्हणालो. "हिला खरंच लागतं."

"ते तुम्हाला आठ महिन्यांपूर्वी आठवायला हवं होतं," ती म्हणाली. आठ महिने हा आकडा तिला किल्लीवाल्यानं दिला होता. हिशेबाला पक्का माणूस.

घरी जाताना मावशी गाडीत माझ्या शेजारी बसली. मी बोलत सुटलो. धंद्याची धावपळ, साच्यांचं ओझं, मागच्या आवारातली गैरसोय. शेवटच्या मुद्द्यावर तिनं माझ्याकडे पाहिलं. तिचे बूट अजून ओले होते.

सुनावणीला दोन महिने लागले. तेवढे दिवस इस्पितळात जायचं तर गाडी लांब लावून चालणं आलं. मी म्हटलं, दारात सोडतो तुला. पण इस्पितळाच्या दारातही कार्डाशिवाय थांबू देत नव्हते. मी चाकाची खुर्ची आणायचं काढलं.

"खुर्ची नको," ती म्हणाली. "तू चाल माझ्याबरोबर. माझ्या चालीनं."

तिच्या चालीनं चालणं मला जमेना. मी दोन पावलं पुढे जायचो, थांबायचो, परत यायचो, फिरायला नेलेल्या कुत्र्यासारखा. पंधरा दिवसांनी जरा जमलं. ओली फरशी कुठली, कुठल्या चढाला कठडा नाही, कुठे दुकानदार फलक बाहेर मांडतो, हे मला तोवर कधी दिसलंच नव्हतं. आणि चालताना ती बोलायची. एक्स्चेंजच्या मुलाखतीला तिला पडद्याआड बसवलं होतं, फक्त आवाज ऐकायला. आवाज पसंत पडला, मग पडदा सरकला, आणि साहेबाचं तोंड पाहण्यासारखं झालं.

"मग?"

"मग काय. म्हणाले, पायऱ्या आहेत हो आमच्याकडे. मी म्हटलं, फोन पायऱ्यांवरून येतात का? घेतलं. अकरा पायऱ्या होत्या. एकोणतीस वर्षं चढले. शेवटच्या वर्षी त्यांनी उतार बांधला, माझ्या निरोपसमारंभाला पाहुणे यायचे होते म्हणून."

मी तिचा इतक्या वर्षांचा भाचा, आणि हे मला माहीत नव्हतं. विचारलंच नव्हतं कधी. तिचा फॉर्म भरताना ‘व्यवसाय’ या रकान्यात मी ‘काही नाही’ असं लिहिलं होतं.

सुनावणीआधी मला एक खुलासा लिहून द्यायचा होता. ‘गैरवापराचे कारण’ असा रकाना होता, चार ओळींचा. मी वेगळे दोन कागद जोडले. त्यात शहराच्या वाहतुकीचा इतिहास होता, माझ्या धंद्याचं सामाजिक महत्त्व होतं, शिवाय मागे मला मणक्याचा त्रास होऊन गेल्याचाही उल्लेख होता. मावशीला वाचून दाखवला.

"परगावच्या फोनला तीन मिनिटं मिळायची," ती म्हणाली. "रडणारा माणूससुद्धा तेवढ्यात मुद्द्यावर यायचा. तुझा मुद्दा काय आहे?"

मी जोडलेले दोन्ही कागद फाडले. मग रकान्यात एक शब्द लिहिला : आळस.

सुनावणी घेणाऱ्या अधिकारीण बाईंनी तो शब्द दोनदा वाचला. मग चष्मा काढून मला पाहिलं, चष्मा घालून पुन्हा पाहिलं. मावशीला विचारलं, "तुम्हाला ठाऊक होतं?"

"नव्हतं. पण हा लहानपणी घसरगुंडीवरही रांग मोडायचा, तेव्हा संशय यायला हवा होता."

मला दंड झाला तो भरला. मावशीचं कार्ड तिला परत मिळालं, सक्त ताकिदीसह; ताकीद माझ्यासाठी, सही मात्र तिची. आता कार्ड तिच्या पर्समध्ये असतं. इस्पितळात पोचलो की ती ते काढून काचेमागे ठेवते, परत निघालो की आठवणीनं उचलते. मला हात लावू देत नाही.

इथे गोष्ट संपली असती तर माझी जरा तरी अब्रू राहिली असती. पण नवा भक्त जोरात आरोळ्या देतो तसं माझं झालं. मी आता मागच्या आवारात गाडी लावायचो आणि येता-जाता राखीव जागेवर पहारा ठेवायचो. एका सकाळी पाहिलं, तिथे एक लाल गाडी येऊन थांबली. तिशीतली बाई उतरली, धडधाकट, पायात खेळाचे बूट. माझा पारा चढला. मी ताडताड गेलो आणि तिला सुनावलं. खऱ्या गरजू माणसांची जागा, मनाची लाज, माझ्या मावशीची दोनशे दहा पावलं, सगळं. एखाद्या तज्ज्ञासारखं बोललो. त्या विषयातला अनुभव होताच.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग काचेमागचं कार्ड दाखवलं. फोटो तिचाच होता.

"फुप्फुसं," ती म्हणाली. मध्ये श्वास घेतला. "एकच काम करतं. तेही अर्धं. वीस पावलांनंतर... थांबावं लागतं."

बोलायला तिला इतका वेळ लागत होता आणि तो मी वाया घालवला होता.

मी माफी मागितली. किल्लीवाला माझ्याकडे पाहत नव्हता, हे त्याचे उपकार. ती बाई चौथ्या मजल्यावर चित्रकलेचे वर्ग घेते, नुकतीच रुजू झाली होती. तिच्या हातात रंगांची जड पिशवी होती. ती मी मागितली, तिनं क्षणभर विचार करून दिली. लिफ्टपर्यंत आम्ही तिच्या चालीनं गेलो. तेवढं मला येत होतं. वाटेत ती एकदा थांबली, मीही थांबलो.

लिफ्ट वर निघाली. तिसरा मजला आला, गेला. मी उतरलो नाही. चौथ्यावर पिशवी तिच्या वर्गाच्या दाराशी ठेवली आणि जिन्यानं एक मजला खाली आलो. वर्कशॉपमध्ये एका आजोबांची कवळी अर्धी राहिली होती. मेण तापवायला ठेवलं आणि कामाला लागलो.