आधार देणाऱ्याचे नाव

पातूरहून मावशीच्या शेजारणीचा, रेखाताईंचा फोन आला, ‘शांतामावशी गेल्या,’ तेव्हा मी अमरावतीत ऑफिसला निघाले होते. फोन ठेवला आणि सवयीने कागद ओढून यादी केली : रजा, अकोल्याची बस, भावाला निरोप. मावशी असती तर म्हणाली असती, ‘तुह्या यादीत माहा नंबर कितवा हाये वं?’ हा तिचा नेहमीचा टोमणा.

मावशीला मूलबाळ नव्हतं. काका गेल्यावर तिला निराधारांसाठीचं सरकारी अनुदान सुरू झालं. त्याचे नियम सारखे बदलत. आधी उत्पन्नाचा दाखला पुरे होता, मग खातं आधार कार्डाला जोडा, मग दरवर्षी हयातीचा दाखला. दर वेळी नवी यादी करून मी तिची निळी फाइल लावून देत असे. तिला मात्र त्या शब्दाचाच राग. ‘मी कायची निराधार? तू हायेस नं.’ मी हसून पुढच्या कागदावर खूण करायचे.

गेल्या वर्षी पुन्हा नवा नियम आला. घरी येऊन चौकशी होणार, सांभाळणारं कोणी असेल तर अनुदान बंद. कागद कोणत्या क्रमाने दाखवायचे ते मी फोनवर सांगितलं. काय विचारतील, काय सांगायचं, हे नाही सांगितलं... चौकशीला आलेल्या साहेबांनी कागद पाहिले आणि विचारलं, ‘आजी, तुम्हाला पाहणारं कोणी आहे का?’ रेखाताई तिथेच होत्या. मावशी ताठ बसून म्हणाली, ‘हाये ना. माही भाची हाये अमरावतीले. ते पाह्यते माहं सारं.’

अनुदान बंद झालं. मला मात्र तिने फोनवर ‘सारं बराबर हाये’ एवढंच सांगितलं. मी ते मानलं, कारण मानणं सोयीचं होतं. दिवाळीनंतर मी पातूरला गेलेच नव्हते. पैसे पुरेनात म्हणून रक्तदाबाच्या गोळ्या ती दिवसाआड घेत होती, हे ती गेल्यावर कळलं. भाचीला सांगा, असं रेखाताईंनी म्हटलं, तर म्हणाली होती, ‘तिच्या मांगं याद्या काय कमी हायेत?’

ती निळी फाइल आता माझ्याकडे आहे. कागद मी लावलेल्या क्रमानेच आहेत. दोन प्रतींत भरायच्या चौकशीच्या अर्जाची तिच्याकडे राहिलेली प्रत सर्वांत खाली. ‘आधार देणाऱ्याचे नाव’ या रकान्यात मी पेन्सिलने ‘निरंक’, म्हणजे कोणी नाही, असं लिहून पाठवलं होतं, नुसतं पेनने गिरवायचं होतं. मावशीने ते खोडरबराने पुसून त्यावर माझं नाव लिहिलंय, पूर्ण, आडनावासकट... उजेडात धरलं की खालचं ‘निरंक’ अजून वाचता येतं.