तिसऱ्या गोळीची सुट्टी

आमच्या आदिलाबादच्या शूटिंग क्लबात नेमबाज कमी आणि किस्से जास्त. नेम धरायला अर्धं मिनिट लागतं आणि अडकलेलं पिस्तूल मोकळं करायला अख्खा रविवार जातो. मग चहा होतो, बोलणं होतं, आणि त्यातून जे उरतं ते माझ्या डोक्यात साठत जातं. माझं हार्डवेअरचं दुकान आहे. क्लबचा सेक्रेटरी पण मीच, म्हणून कपाटाची चावी आणि सगळ्यांची बोलणी दोन्ही माझ्याकडं.

हे सगळे किस्से एकाच पिस्तुलाचे. स्पर्धेचं सेमी-ऑटोमॅटिक, सेकंडहँड घेतलेलं. आधीच्या मालकानं हौसेनं त्याची मूठ कोरली होती, आतली स्प्रिंग बदलली होती. गोळी सुटली की वरची स्लाइड आपोआप मागं जाते, रिकामी पुंगळी बाहेर फेकते आणि पुढची गोळी आत घेते. आमचं पिस्तूल हे काम दोनदा इमानदारीनं करायचं. तिसऱ्यांदा पुंगळी दारातच अडकायची. आमी त्याला म्हणायचो, "तिसऱ्या गोळीला सुट्टी."

ते चालवायची वैशाली. मुधोळची लेक, बस डेपोत कंडक्टर, आदिलाबाद-मंचेरियल गाडीवर ड्युटी. गेल्या खेपेला हैदराबादच्या निवड स्पर्धेत राज्याच्या टीममधली तिची जागा जवळजवळ पक्की झाली होती. शेवटच्या पाच गोळ्या उरल्या, आणि तिसरीला पिस्तूल अडकलं. बाईनं सरळ हातानं स्लाइड हिसकली. बसचं दार अडकलं की ती तेच करते.

नियम असा, की अडकलं तर पिस्तुलाला दुसरा हात लावायचा नाही. डावा हात वर करायचा, पंच येऊन बघतात आणि पुन्हा संधी देतात. हात लावला की उरलेल्या गोळ्या शून्य. जागा गेली.

परत येताना ती खिडकीकडं तोंड करून बसली होती. म्हणाली, "भाऊ, अजून एक वर्ष करते. तेव्हाबी नाही झालं तर सोडून देईन. पोरीची दहावी येऊन राह्यली, डेपोवाले तरी किती सुट्ट्या देतील?"

मला लई वाईट वाटलं. तिच्यासारखा हात आमच्या जिल्ह्यात दुसरा नाही.

*

पहिला इलाज माझा. दुकानात कोणतीही वस्तू कुरकुरली की मी तेल सोडतो, तसं इथंबी सोडलं. शिलाई मशीनचं तेल, मनसोक्त.

वैशाली त्या दिवशी ड्युटीवर जाता जाता आली होती, इस्त्रीचा खाकी गणवेश घालून. पहिली गोळी सुटली आणि तिच्या छातीवर तेलाची रांगोळी उमटली. ती तशीच ड्युटीवर गेली. दुपारी फोन आला, "भाऊ, सगळे पॅसेंजर विचारून राह्यले, बाई भजी तळून आल्या का म्हणून."

*

मग आले गंगाधरकाका. चाळीस वर्षं कापसाच्या जिनिंग मिलमध्ये फिटर होते. पिस्तूल उलटंपालटं करून म्हणाले, "एवढी मोठी मशीन चालवली मी. हे टीचभर काय सांगते मले?"

काकांनी तेल पुसून काढलं. कशानं? कापसानं. आमच्याकडं जखम पुसायची असो, समई पुसायची असो, घरात कापूस असतोच. काकांनी तर मुद्दाम चांगला आणला होता, बोंडातला, लांब धाग्याचा.

आता पिस्तूल तिसऱ्याऐवजी पहिल्याच गोळीला अडकायला लागलं.

आमचे कोच रहीमसर, फौजेतून रिटायर झालेले हवालदार. त्यांनी चष्मा चढवला, चिमटा घेतला आणि आतून एक तंतू ओढला. तो येतच राहिला. टेबलावर छोटा ढीग झाला. सर म्हणाले, "काका, ये पिस्तूल है कि रजई?"

काका रागावले, पण कापसाच्या बाजूनं. "पहिल्या वेचणीचा आहे तो. त्याला नाव ठेवू नका."

*

त्यानंतर काकांनी मिलचा कायदा लावला. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि रजिस्टरात लिहायची. एका रविवारी गोळ्यांची कंपनी बदलली, पुढच्या रविवारी मॅगझीन, त्याच्या पुढच्या रविवारी नुसती मूठ धरायची पद्धत. खरं सांगतो, ते रजिस्टर आमच्या तहसीलीतल्या दप्तरापेक्षा नीट होतं. एका पानावर लिहिलंय, "आज एकदाही अडकलं नाही. गोळ्याच आल्या नव्हत्या."

पण सहा महिन्यांत काका पक्क्या निदानावर आले. आधीच्या मालकानं घातलेली स्प्रिंग फार कडक होती. वैशालीच्या हलक्या गोळ्यांच्या जोरानं स्लाइड पुरती मागं जात नव्हती. मूळची नरम स्प्रिंग पायजे. ती कुठंच नव्हती, आणि कंपनीकडून येईपर्यंत स्पर्धा होऊन गेली असती.

*

तोवर रहीमसरांनी दुसरी बाजू धरली. पिस्तूल सुधरत नाही ना, मग बाईला सुधरू. रोज एकच सराव. तिसरी गोळी, अडकलं, हात लावायचा नाही, डावा हात वर. "हाथ नक्को लगाव, बाई. बस हाथ उठाव." असं शेकडो वेळा. वैशालीच्या अंगात ते इतकं मुरलं, की मंचेरियलच्या वाटेवर तिचं तिकिटाचं मशीन अडकलं तर ती मशीनला हात न लावता डावा हात वर करून उभी राहिली. ड्रायव्हरला वाटलं, बाई थांब म्हणतात. त्यानं गाडी बाजूला घेतली. सहा पॅसेंजर पाय मोकळे करायला खाली उतरले.

*

आता माझी गोष्ट. ही सांगताना अजून मान खाली जाते.

स्पर्धेला दहा दिवस होते. काका दुकानात स्क्रू घ्यायला आले. मी बिलाला स्टेपलरनं पिन मारली. काका थांबले. "परत मार." मी मारली. "अजून एक मार." काकांनी कान जवळ नेला. "हे स्टेपलर लई गोड चालून राह्यलं. काऊन?"

मी फुशारकीनं सांगितलं, "जुनं झालं होतं काका. मीच त्यात स्प्रिंग टाकली. तेव्हापासून एकदाबी अडकलं नाही."

"कोणती स्प्रिंग?"

तेव्हा मला आठवलं. पिस्तुलाच्या डब्यात एक कागदाची पुडी होती, तिच्यात ही स्प्रिंग. मला वाटलं, माझ्याच दुकानातला सुटा माल त्यात पडला असेल.

काकांनी तिथंच स्टेपलर उघडलं. स्प्रिंग बोटांत दाबून पाहिली, "हीच ती मूळची," म्हणाले आणि खिशात घातली. मला म्हणाले, "सेक्रेटरीसाहेब, रजिस्टरात काय लिहू?" ती पिस्तुलात चढल्यावर मी वैशालीला फोन केला आणि माफी मागितली. ती हसली. मग म्हणाली, "भाऊ, बसली ना पण ती?"

बसली होती. त्या रविवारी पाचच्या पाच गोळ्या सुटल्या. तरी काकांनी लिहिलं, "एका दिवसावर भरवसा ठेवू नये."

*

हैदराबाद. शेवटच्या पाच गोळ्या. गेल्या खेपेसारखीच जागा, एक-दोन गुणांचा प्रश्न. लक्ष्य तीन सेकंद तोंड दाखवतं आणि वळतं, तेवढ्यात एक गोळी. आमी तिघं दोरीच्या मागं. काकांच्या मुठीत स्टेपलर होतं. का आणलं होतं, ते मी विचारलं नाही.

पहिली. दुसरी. तिसरी सुटली, आणि पुंगळी टणकन बाहेर पडली.

आणि वैशालीचा डावा हात वर गेला.

रहीमसरांनी डोळे मिटले. पिस्तूल चांगलं असताना तक्रार केली आणि पुढच्या गोळ्या मारल्या नाहीत, तर त्या शून्य. पंच आपल्या खुर्चीवरून उठले. लक्ष्य परत समोर वळलं. डावा हात वरच, उजव्यानं चौथी. लक्ष्य परत समोर वळलं. हात वरच, पाचवी. पाचही काळ्या वर्तुळात.

पिस्तूल टेबलावर ठेवलं तरी हात खाली येईना. पंच जवळ येऊन उभे राहिले. तेलुगूत विचारलं, "एमैंदम्मा?" काय झालं बाई?

वैशालीच्या डोळ्यांतून पाणी चाललं होतं. हात तसाच वर ठेवून तिनं आपल्या मराठीत सांगितलं, "सर, चालून राह्यलं."