शाईच्या डागातलं कातडं
नव्या कातडी चपलेला बाभळीच्या सालीचा वास आला, की मला दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांतला नगरचा मिशन दवाखाना आठवतो. मी तिथे नर्स होते आणि विलायतेहून आलेल्या डॉक्टरीणबाईंची दुभाषीही. त्यांच्याकडे शाईचे डाग छापलेले दहा पुठ्ठे होते. डागात कोणाला काय दिसतं, त्यावरून बाई त्या माणसाचा स्वभाव ताडायच्या. एकदा एका तिरसट मामांना, घरात कोणाशी पटत नाही म्हणून, त्यांच्या भावाने आणलं. मामा प्रत्येक पुठ्ठा उलटा करत, पाठ चाचपत आणि म्हणत, "कातडं हाय." दहाही वेळा तेच, वर, "मानंपाशी सुरी लागलीया." मी इंग्रजीत सांगत गेले तसा बाईंचा चेहरा उतरला. त्या पुण्याच्या वेड्यांच्या इस्पितळाला चिठ्ठी लिहायला बसल्या. शेवटचा पुठ्ठा मामांच्या हातून घेताना मला तो बाभळीच्या सालीचा वास आला. नोंदीच्या कागदावर 'मजुरी' असं मीच लिहिलं होतं. मी विचारलं, "मामा, कसली मजुरी करता?" "बाभळीच्या सालीत कातडी कमावतो की! सोलताना सुरी कुठं लागलीया ते पाठीवरच कळतं. पाठ बघितल्याबिगर आमी कातडं घेत न्हाई." मी ते इंग्रजीत सांगताच बाई खळखळून हसल्या, त्यांनी चिठ्ठी फाडली आणि एक पुठ्ठा माझ्यापुढे धरला, "तुला काय दिसतं?" त्या डागात मला नेहमी फुलपाखरू दिसायचं. मी निरखून पाहिलं आणि म्हणाले, "कातडंच, बाई. मानेपाशी सुरी लागलीय." अजूनही दुकानात चप्पल उलटी करून मी आधी पाठ चाचपते, आणि दुकानदार माझ्याकडे चिठ्ठी लिहायला बसलेल्या बाईंच्याच नजरेने बघतो.